साठ मोठे की चोवीसशे? पाण्याचा प्रवाह मोजताना आणि एकके बदलताना

गेल्या मार्चमध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागरातला, म्हणजे पोफळीच्या बागेतला, पंप जळला. ऐन शिंपणाच्या दिवसांत. जुन्या पंपावरची पत्र्याची पट्टी ओल्या फडक्याने पुसली तेव्हा एवढेच वाचता आले: ६० एलपीएम. तो आकडा डोक्यात ठेवून तालुक्याच्या बाजारात गेलो. दुकानदाराने खोके पुढे सरकवले. त्यावर ठळक छापले होते: २४००.

‘मास्तर, तुमचा जुना साठचा ना? हा बघा, चोवीसशे. शिवाय वीज कमी खातो.’

मी शाळेत तीस वर्षे गणित शिकवले, आणि मीच मान डोलावून पैसे मोजले. चार दिवसांनी खालच्या टोकाच्या पोफळींच्या बुंध्याशी माती बोटाने उकरून पाहिली तर कोरडी ठक्क. तेव्हा खोके पुन्हा शोधून काढले. २४०० च्या शेजारी बारीक अक्षरात एलपीएच लिहिलेले होते. लिटर दर तासाला. जुना पंप मिनिटाला साठ लिटर देत होता, म्हणजे तासाला छत्तीसशे. नवा त्याच्या दोन तृतीयांशच होता, आणि तोही खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा धरून.

हे गणित सहावीतल्या पोराला येते. चुकते ते वाचताना. म्हणून खाली रीत सांगतो, आणि रीतीपेक्षा जास्त जागा देतो ती माणसे जिथे फसतात त्या ठिकाणांना.

अंश आणि छेद

प्रवाहाचे कुठलेही एकक घ्या, त्यात दोन गोष्टी असतात. वर घनफळ, खाली वेळ. लिटर दर मिनिट, घनमीटर दर तास, मिलिलिटर दर सेकंद. एकक बदलायचे म्हणजे आधी अंश बदलायचा, मग छेद. दोन्ही एकाच झटक्यात करायला गेले की गोंधळ होतो.

पहिले काम, जे आखूड लिहिले आहे ते पूर्ण लिहून काढा. एलपीएस म्हणजे लिटर दर सेकंद, एलपीएम मिनिटाला, एलपीएच तासाला. काही पट्ट्यांवर सीएमएच असते, ते घनमीटर दर तास. एलपीएम आणि एलपीएच यांत एका अक्षराचा फरक आहे आणि आकड्यात साठपटीचा.

मग अंश. १ घनमीटर म्हणजे १००० लिटर आणि १ लिटर म्हणजे १००० मिलिलिटर. इथे शाळेतली मुले (आणि कधी कधी कंत्राटदारही) मीटरमध्ये १०० सेंटिमीटर म्हणून घनमीटरमध्येही १०० च घनसेंटिमीटर धरतात. लांबी, रुंदी आणि उंची, तिन्हीकडे शंभर शंभर आहेत. म्हणून १ घनमीटर म्हणजे १०० × १०० × १०० = १० लाख घनसेंटिमीटर. लिटर म्हणजे दहा सेंटिमीटर बाजूचा ठोकळा. असे ठोकळे मीटरभर लांबीत दहा, रुंदीत दहा, उंचीत दहा बसतात, म्हणून हजार.

मग छेद. तासात ६० मिनिटे, ३६०० सेकंद. दिवसात १४४० मिनिटे, ८६,४०० सेकंद. गुणायचे की भागायचे याचा घोळ होतो तेव्हा नळाखाली उभे आहोत अशी कल्पना करा. मिनिटात जेवढे पाणी पडते त्यापेक्षा तासात जास्तच पडणार. वेळ मोठी होत असेल तर आकडा मोठा झालाच पाहिजे, म्हणून गुणा. वेळ लहान होत असेल तर भागा. उत्तर याच्या उलट आले तर कागद फाडून पुन्हा सुरुवात.

माझ्याच पंपाचे करून दाखवतो. ६० लिटर दर मिनिट. तास मोठा म्हणून गुणिले ६०, ३६०० लिटर दर तास. लिटरचे घनमीटर म्हणून भागिले १०००, ३.६ घनमीटर दर तास. नव्याचे २४०० लिटर दर तास. मिनिट लहान म्हणून भागिले ६०, ४० लिटर दर मिनिट. साठ आणि चाळीस. दुकानात खिशातल्या पेनाने तळहातावर एवढे लिहिले असते तरी पुरले असते.

३.६ पाठ करा

पंप, पाइप, फिल्टर आणि मीटर यांच्या जगात सर्वांत जास्त ये-जा होते ती लिटर दर सेकंद आणि घनमीटर दर तास यांच्यात. १ लिटर दर सेकंद तासभर चालले तर ३६०० लिटर होतात, म्हणजे ३.६ घनमीटर. हाच ३.६ गाडीच्या वेगातही भेटतो, मीटर दर सेकंदाचे किलोमीटर दर तास करताना, कारण दोन्हीकडे ३६०० ला १००० ने भागलेले असते.

बांधावर उभे राहून ३.६ ने गुणायला कॅल्क्युलेटर लागत नाही. चौपट करा आणि त्यातून त्याचाच दहावा हिस्सा वजा करा. ७ लिटर दर सेकंदाची चौपट २८, त्यातून २.८ गेले, राहिले २५.२ घनमीटर दर तास. उलट जाताना पाव करा आणि त्या पावाचा नववा हिस्सा मिळवा. १८ घनमीटरचा पाव ४.५, नववा हिस्सा ०.५, झाले ५ लिटर दर सेकंद. आणि लिटर दर मिनिटाचे घनमीटर दर तास करायचे असतील तर सहाने गुणून दोन घरे मागे या: ४० चे २४०, मग २.४.

हे सारे गुणक एक पायरी खालीही जसेच्या तसे चालतात. लिटर आणि घनमीटर यांत जे नाते तेच मिलिलिटर आणि लिटर यांत. म्हणून १ मिलिलिटर दर सेकंद म्हणजे ३.६ लिटर दर तास. ठिबकवाल्यांना हे उपयोगी पडते, पुढे येईलच.

मी पंपाच्या खोलीच्या दारामागे खडूने चार ओळी लिहून ठेवल्या आहेत:

१ लिटर/सेकंद = ६० लिटर/मिनिट = ३.६ घनमीटर/तास = ८६.४ घनमीटर/दिवस
१ घनमीटर/तास = १६.६७ लिटर/मिनिट = ०.२७७८ लिटर/सेकंद = २४ घनमीटर/दिवस
१ एमएलडी (दशलक्ष लिटर/दिवस) = १००० घनमीटर/दिवस = ४१.६७ घनमीटर/तास = ११.५७ लिटर/सेकंद
१ घनमीटर/सेकंद = १००० लिटर/सेकंद = ३६०० घनमीटर/तास = ८६.४ एमएलडी

शेवटच्या ओळीतल्या एककाला अभियंते क्युमेक म्हणतात. साळावली धरण भरून त्या बदकाच्या चोचीसारख्या सांडव्यातून पाणी खाली झेपावू लागले की लोक फोन घेऊन उभे राहतात. तसल्या विसर्गाला क्युमेकच शोभते. तिथे लिटर मोजत बसणे म्हणजे पोफळीची उंची फूटपट्टीने मोजणे.

एमएलडी, आणि त्यात लपलेले चोवीस तास

ओपा, साळावली या जलशुद्धीकरण प्रकल्पांबद्दल वर्तमानपत्रात बातमी येते ती एमएलडीत. एमएलडी म्हणजे दशलक्ष लिटर दर दिवस. दशलक्ष म्हणजे दहा लाख, आणि दहा एमएलडी म्हणजे एक कोटी लिटर रोज. मिलियन आणि लाख यांच्या सरमिसळीत एक शून्य गळाले की अख्ख्या गावाचे पाणी नाहीसे होते. तेव्हा शून्ये बोट ठेवून मोजा, लाज बाळगू नका.

मोठी फसगत मात्र वेगळीच आहे. एमएलडीच्या आकड्यात अख्खा दिवस धरलेला असतो आणि पंप काही अख्खा दिवस चालत नाही. समजा दहा एमएलडी पाणी उचलायचे आहे. चोवीस तास पंप चालला तर ताशी ४१६.७ घनमीटरचा पंप लागेल. वीज जाणे आणि देखभाल धरून वीसच तास चालणार असेल तर १०,००० भागिले २०, म्हणजे ताशी ५०० घनमीटरचा, सेकंदाला सुमारे १३९ लिटर. तक्त्यातला ४१.६७ डोळे मिटून वापरला तर रोज दीड एमएलडीहून अधिक पाणी कमी पडेल.

गावपातळीवर हा फरक आणखी झोंबतो. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा. ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेले पहिले राज्य गोवा, २०२२ साली. आता १८०० वस्तीचे एक गाव धरा. १८०० × ५५ = ९९,००० लिटर, म्हणजे ९९ घनमीटर रोज. चोवीस तासांत वाटून दिले तर ताशी सव्वाचार घनमीटरही नाही, सेकंदाला १.१५ लिटर, बारीकशा पाइपातून निभावेल. पण पाणी सकाळचे तीनच तास सुटत असेल तर तेवढेच ९९ घनमीटर ताशी ३३ च्या दराने गेले पाहिजेत. मिनिटाला ५५०, सेकंदाला ९.१७ लिटर. आठपट. दिवसाचा आकडा पुरेसा असूनही चढावरच्या घरांत नळ नुसता फुसफुसतो, त्यामागे बरेचदा हेच असते: पाइप सरासरीला पुरतो, गर्दीच्या वेळेला पुरत नाही.

म्हणून दिवसाच्या आकड्यावरून तासाच्या आकड्याकडे जाताना चोवीसने भागण्याआधी एक प्रश्न विचारा. प्रत्यक्षात किती तास?

बालदीने ताळा

पट्टीवरचा आकडा हा कारखान्याचा दावा. आपल्या विहिरीत, आपल्या चढावर पंप काय देतो ते बालदी सांगते. पट्टीवर कमाल म्हणून जो प्रवाह छापतात तो पाणी अजिबात वर चढवायचे नसते तेव्हाचा. उंची वाढत जाते तसा प्रवाह घटतो, आणि कमाल उंचीला तो शून्य होतो. एकाच पट्टीवरची कमाल उंची आणि कमाल प्रवाह एकदम कधीच मिळत नाहीत. दुकानदार मात्र दोन्ही एका दमात सांगतो.

बालदीवरच्या खुणांवर भरवसा ठेवू नका. आमच्या घरची ‘वीस लिटरची’ बालदी काठोकाठ अठराची निघाली. गावच्या दुकानातल्या काट्यावर आधी रिकामी ठेवा, मग भरलेली. वजनातला फरक जितके किलो, तितके लिटर. विहिरीच्या गोड्या पाण्याला हा हिशेब आपल्या कामापुरता अचूक आहे. मी आतून पंधरा लिटरला खिळ्याने ओरखडा काढला आणि त्यावर ऑइलपेंट फिरवला.

मग फोनवरचे घड्याळ. तीनदा मोजा आणि मधली वेळ धरा. बालदी सहा सेकंदांत भरत असेल तर बटण दाबण्यातली एका सेकंदाची चूक म्हणजे उत्तरात सतरा टक्के चूक. अशा वेळी दोनशे लिटरचे पिंप घ्या. भरायला निदान अर्धा मिनिट लागेल असे भांडे असावे.

ठिबकसाठी मोजताना आणखी एक गोष्ट. ठिबकच्या नळ्यांना साधारण एक किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो) दाब लागतो. उघड्या पाइपातून बालदी भरली तर पंप मोकळा असतो आणि फुगवून सांगतो. मी फिल्टरच्या पुढे बालदी लावली आणि गेजचा काटा एक किलोवर येईपर्यंत व्हॉल्व्ह आवळला. तसे केल्यावर पंधरा लिटर भरायला ३१ सेकंद लागले. १५ भागिले ३१ म्हणजे ०.४८४ लिटर दर सेकंद. चौपट १.९३५, त्यातून दहावा हिस्सा गेला: १.७४ घनमीटर दर तास, मिनिटाला २९ लिटर. खोक्यावर २४००, बालदीत १७४०.

आता गरज किती? आमच्या ४०० पोफळी, प्रत्येकीला ताशी चार लिटरचे दोन ठिबके. ४०० × २ × ४ = ३२०० लिटर दर तास, म्हणजे ३.२ घनमीटर. पुरवठा १.७४. खालचे टोक कोरडे का राहिले ते आणखी कुणाला विचारायची गरज उरली नाही.

पंप परत घेणार नाही म्हणून दुकानदाराने सांगितलेच होते. तेव्हा आकडेच पुन्हा पाहिले. बागेचे दोन भाग केले तर एकावेळी २०० पोफळी, ताशी १.६ घनमीटर. १.७४ मध्ये बसते. मधल्या पाइपावर दोन व्हॉल्व्ह लावले, प्लंबरची मजुरी धरून साडेआठशे रुपये गेले. आता वरचा भाग दोन तास, मग खालचा दोन तास. प्रत्येक झाडाला रोज १६ लिटर. पंप दुप्पट वेळ चालतो, म्हणजे कमी खाणाऱ्या विजेची बढाई तिथेच संपली.

बालदी पुरत नसेल तर टाकीच मोजपात्र करता येते. उभ्या गोल टाकीचा आतला व्यास १.१ मीटर असेल तर तळाचे क्षेत्रफळ ०.९५ चौरस मीटर. पाणी १० सेंटिमीटर चढले की ९५ लिटर आले. त्याला तीन मिनिटे लागली तर मिनिटाला ३१.७ लिटर. मोजपट्टी टाकीत सोडण्याआधी तिच्यावरचा गंज पुसा एवढेच.

घरच्या नळाच्या मीटरवर काळे आकडे पूर्ण घनमीटर दाखवतात, लाल भाग लिटरचा हिशेब. बिल घनमीटरवर येते. अर्धा इंची जोडणीवर पंधरा मिलिमीटरचा जो नेहमीचा जुन्या धाटणीचा मीटर बसवतात त्याचा नामनिर्देशित प्रवाह ताशी १.५ घनमीटर, म्हणजे मिनिटाला २५ लिटर. सगळे नळ बंद करून लाल काटा पाहा. हलत असेल तर कुठेतरी गळते आहे. गळक्या नळाखाली वाटी ठेवा: पाच मिनिटांत २५० मिलिलिटर जमले तर मिनिटाला ५०, तासाला ३ लिटर, दिवसाला ७२, आणि तीस दिवसांच्या महिन्याला २.१६ घनमीटर. वाटीभर दिसणारे पाणी बिलावर दोन युनिटे होऊन बसते.

पाटाचे पाणी

ज्यांच्याकडे अजून झरीचे पाणी पाटाने येते ते भाग्यवान. पाटाला मीटर नसतो. तिथे पाण्याचा काटछेद आणि वेग यांचा गुणाकार करायचा. सरळ, सारख्या रुंदीचा चार मीटरचा तुकडा निवडा. पाण्याची रुंदी ३० सेंटिमीटर, खोली १० सेंटिमीटर. नारळाच्या सोडणाचा तुकडा टाका आणि तो चार मीटर किती वेळात जातो ते पाहा. आमच्याकडे दहा सेकंद लागले, म्हणजे वेग ०.४ मीटर दर सेकंद. पण सोडण तरंगते पृष्ठभागावर, आणि तळाला नि काठाला घासणारे पाणी हळू चालते. म्हणून पृष्ठभागाचा वेग साधारण ०.८५ ने गुणतात: ०.३४.

आता ०.३ × ०.१ × ०.३४ = ०.०१०२ घनमीटर दर सेकंद. हजारने गुणले की १०.२ लिटर दर सेकंद, ३.६ ने गुणले की ३६.७ घनमीटर दर तास. विजेच्या पैशाशिवाय माझ्या नव्या पंपाच्या एकवीसपट! अर्थात हे डिसेंबरातले. एप्रिलमध्ये त्याच पाटात बेडूक बसलेला असतो.

या गणितात चूक होते ती सेंटिमीटर आणि मीटर मिसळल्याने. ३० × १० × ०.३४ केले तर १०२ येते आणि ते कशाचेच एकक नसते. सगळे मीटरमध्ये आणा, नाहीतर सगळे सेंटिमीटरमध्ये: ३० × १० × ३४ = १०,२०० घनसेंटिमीटर दर सेकंद, म्हणजे तेवढेच मिलिलिटर, म्हणजे १०.२ लिटर. दोन वाटांनी तेच उत्तर आले की निश्चिंत.

छपरावरचा पाऊस

पावसाचा ताशी मिलिमीटर हाही प्रवाहच, फक्त क्षेत्रफळाने भागलेला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. १०० चौरस मीटर छपरावर ताशी ३६ मिलिमीटर कोसळला तर ३६०० लिटर दर तास, म्हणजे सेकंदाला १ लिटर. छपराचे क्षेत्रफळ मोजताना उतरत्या कौलांचे धरू नका. वरून पाहिल्यावर जमिनीची जेवढी जागा झाकली जाते तेवढेच धरा.

जूनमधल्या एखाद्या दणक्यात ताशी ७२ मिलिमीटरच्या दराने पाऊस पडतो आहे असे धरा. १२० चौरस मीटरच्या घरावर ८६४० लिटर दर तास, सेकंदाला २.४, मिनिटाला १४४ लिटर. हजार लिटरची टाकी सात मिनिटांत भरून वाहील. पन्हळ आणि खाली येणारा पाइप या दराला पुरले पाहिजेत, वर्षाच्या सरासरीला नव्हे. वर्षाचे पाहायचे तर आपल्याकडे सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे त्याच छपरावर ३६० घनमीटर, सरासरीने रोज जेमतेम एक घनमीटर. या सरासरीवर पन्हळ घेणाऱ्याची पडवी पहिल्याच पावसात भिजते.

म्हादईचे टीएमसी

मेट्रिकच्या बाहेरचे एकच एकक इथे घेतो, कारण गोव्यात चहाच्या टपरीवरही त्याची चर्चा असते. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, २.८३ कोटी घनमीटर, पाटबंधारेवाल्यांच्या बोलीत २८.३ दलघमी (दशलक्ष घनमीटर). हे घनफळ आहे, प्रवाह नाही. त्याला वेळ जोडल्याशिवाय एमएलडीशी तुलना करताच येत नाही. म्हादई जलविवाद लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४ टीएमसी दिले. हे आकडे वर्षाचे.

वर्षाला एक टीएमसी म्हणजे रोज किती? २,८३,१७,००० घनमीटर भागिले ३६५ केले की ७७,५८० घनमीटर रोज, ७७.६ एमएलडी. १३.४२ टीएमसी म्हणजे मग सुमारे १०४१ एमएलडी, सेकंदाला १२ घनमीटर. २४ टीएमसी म्हणजे सुमारे १८६२ एमएलडी, साडेएकवीस घनमीटर. वाद घालताना हे आकडे खिशात ठेवा, पण नदी मात्र तशी वाहत नाही. आमच्या घाटाखालच्या नद्यांचे बहुतेक पाणी जून ते सप्टेंबरात येऊन जाते. वर्षाच्या सरासरीत मे महिना दिसत नाही. आणि मेमध्ये नदीत काय उरते, खारे पाणी किती आत सरकते, हाच तर खरा प्रश्न आहे.

धरणाचा विसर्ग बातमीत क्युसेकमध्ये येतो. तो घनफूट दर सेकंद. १ क्युसेक म्हणजे २८.३ लिटर दर सेकंद. ढोबळ हिशेबाला ३५ क्युसेकचा एक क्युमेक धरा.

थेंब आणि हवा

लहान टोकाला इस्पितळातले सलाइन. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचे तर तासाला १२५, मिनिटाला २.०८ मिलिलिटर. २० थेंबांचा मिलिलिटर होणारा संच असेल तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब. ६० थेंबांचा बारीक संच असेल तर गंमत होते: मिनिटाचे थेंब आणि तासाचे मिलिलिटर यांचा आकडा एकच, १२५, कारण साठने गुणणे आणि साठने भागणे एकमेकांना खाऊन टाकतात. रोग्याशेजारी बसून हे समजून घ्यायला हरकत नाही. चाक फिरवायचे काम नर्सचे.

ऑक्सिजनचा प्रवाह लिटर दर मिनिटात असतो आणि मोठा सिलिंडर ७ घनमीटरचा. मिनिटाला १० लिटरने ७००० लिटर ७०० मिनिटे पुरतील, म्हणजे ११ तास ४० मिनिटे. इथे एक खोच आहे. हवा तापली की फुगते, दाबली की आकसते. वेर्णा किंवा कुंडईच्या एखाद्या कारखान्यात कॉम्प्रेसरच्या कागदावर ‘नॉर्मल घनमीटर’ लिहिलेले असेल तर ते सहसा शून्य अंश सेल्सिअस आणि वातावरणाच्या दाबाचे. तीच हवा आपल्या तीस अंशांत सुमारे ११ टक्के जास्त जागा घेते. पाण्याला ही भानगड नाही.

कागदावर

मधेच आकडे तोडू नका. ०.२७७८ चे ०.२८ केले आणि पुढे ८६,४०० ने गुणले की सुमारे पाऊण टक्का जास्तीचे पाणी हवेतून आले. शेवटी मात्र तीनचार अर्थपूर्ण अंकांवर थांबा. बालदीने मोजलेल्या प्रवाहाला दशांशाची सहा घरे लिहिणे हा विनोद आहे. कोटेशन मागवताना तीन दुकानदार तीन एककांत देतील, तेव्हा सगळ्यांचे एका घरच्या एककात करून घ्या. माझे घनमीटर दर तास आहे, कारण मीटर आणि बिल दोन्ही घनमीटरमध्ये येतात. आकड्याशेजारी एकक नसेल तर दुकानदाराकडून खोक्यावरच पेनाने लिहून घ्या. उंचीसकट: ‘इतक्या मीटर उंचीवर इतके घनमीटर दर तास’.

परवा संध्याकाळी खालच्या भागाची पाळी चालू असताना औषधाच्या बाटलीवरचे खुणांचे टोपण घेऊन अगदी शेवटच्या पोफळीपाशी गेलो. ठिबक्याखाली एक मिनिट धरले, भरेल तसे ओतत. एकूण ६४ मिलिलिटर. सहाने गुणून दोन घरे मागे, ३.८४ लिटर दर तास. चाराला सोळा शतांश कमी. फिल्टर धुवायला झाला असावा.